क्रेडिट युनियनने सभासदत्व काढून घ्यायचे ठरवले तर : नोटिशीपासून खाते बंद होईपर्यंत

अमेरिकेत पहिली नोकरी लागली की पुष्कळजण सहकाऱ्यांच्या सांगण्यावरून कंपनीशी जोडलेल्या एखाद्या क्रेडिट युनियनमध्ये खाते उघडतात. मीही तसेच उघडले होते. काही वर्षांनी त्याच संस्थेकडून मला सभासदत्वातून काढून टाकण्याच्या कारवाईची नोटीस आली. त्यानंतरच्या काही महिन्यांत एक गोष्ट माझ्या पक्की लक्षात आली : या प्रक्रियेत हातून झालेल्या चुकीपेक्षा, पत्र आल्यावर गप्प बसण्यानेच माणसाचे जास्त नुकसान होते. कायद्याने आपल्याला बाजू मांडण्याची संधी दिलेली असते, पण ती मुदतीत मागावी लागते. ही माहिती मला तेव्हा सलग कुठे वाचायला मिळाली असती तर पुढचा बराचसा मनस्ताप टळला असता, म्हणून ती येथे क्रमाने देत आहे.

क्रेडिट युनियन ही आपल्याकडच्या पतसंस्थेसारखी सहकारी संस्था असते. बँकेत आपण ग्राहक असतो, तर येथे आपण सभासद, म्हणजेच मालकांपैकी एक असतो. खाते उघडताना भरलेली छोटी रक्कम, जी अनेक ठिकाणी ५ डॉलर असते, ती आपल्या भागाची किंमत असते. म्हणूनच तेथील बचत खात्याला शेअर अकाउंट आणि चेकच्या खात्याला शेअर ड्राफ्ट अकाउंट म्हणतात. बँक एखाद्या ग्राहकाचे खाते साधे पत्र पाठवून बंद करू शकते. सभासदाला संस्थेतून काढण्यासाठी मात्र ठरलेली कार्यपद्धती पाळावी लागते, आणि आपले संरक्षण नेमके त्या कार्यपद्धतीतच आहे.

१. आपली संस्था कोणत्या कायद्याखाली येते ते आधी पाहा

क्रेडिट युनियन दोन प्रकारच्या असतात. केंद्रीय सनद, म्हणजे केंद्र सरकारचा स्थापनेचा परवाना, असलेल्या संस्थेच्या नावातच ‘फेडरल क्रेडिट युनियन’ हे शब्द असतात. त्यांना १९३४ चा फेडरल क्रेडिट युनियन कायदा लागू होतो आणि त्यांचे नियमन नॅशनल क्रेडिट युनियन ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एनसीयूए, करते. दुसऱ्या प्रकारच्या संस्थांना राज्याची सनद असते आणि त्यांच्या बाबतीत सभासदत्व रद्द करण्याचे नियम त्या त्या राज्याच्या कायद्यातून येतात. या लेखातील मुदती आणि मतांची प्रमाणे केंद्रीय सनदेच्या संस्थांची आहेत. आपली संस्था राज्याच्या सनदेची असेल तर हे आकडे तसेच्या तसे धरून चालू नका. राज्याच्या वित्तीय नियामकाकडे चौकशी करा.

दारावर किंवा संकेतस्थळावर ‘एनसीयूएकडून विमा संरक्षण’ अशी पाटी दिसली म्हणजे संस्था केंद्रीय सनदेची आहे असा पुष्कळांचा समज होतो. प्रत्यक्षात राज्याच्या सनदेच्या बहुतेक संस्थांनाही तोच ठेव विमा असतो. त्यामुळे विम्याच्या पाटीवर जाऊ नका, संस्थेचे पूर्ण नाव वाचा.

२. सभासदत्व कोणकोणत्या मार्गांनी जाऊ शकते ते समजून घ्या

जुन्या कायद्याप्रमाणे एखाद्या सभासदाला त्याच्या वागणुकीमुळे काढायचे असेल तर त्यासाठी सभासदांची विशेष सभा बोलवावी लागे, त्याला बोलण्याची संधी द्यावी लागे आणि उपस्थितांपैकी दोन तृतीयांश मते ठरावाच्या बाजूने पडावी लागत. एका माणसासाठी सगळ्या सभासदांना सभेचे निमंत्रण धाडणे संस्थांना जड जात असे. महाराष्ट्रातील पतसंस्थांची पद्धत ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल, कारण आपल्या सहकार कायद्यातही सर्वसाधारण सभेत तीन चतुर्थांश मते आणि त्यावर निबंधकांची मंजुरी लागते.

मार्च २०२२ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने क्रेडिट युनियन गव्हर्नन्स मॉडर्नायझेशन कायदा संमत केला. त्यावर एनसीयूएने २०२३ च्या उन्हाळ्यात अंतिम नियम केले आणि ते त्याच वर्षी ऑगस्टअखेरीस अमलात आले. आता केंद्रीय सनदेच्या संस्थेला सभासद काढण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग तोच जुना विशेष सभेचा. दुसरा मार्ग असहभागाच्या धोरणाचा, म्हणजे जो सभासद खात्यात व्यवहार करत नाही, कर्ज घेत नाही, निवडणुकीत मत देत नाही, त्याच्यासाठी संचालक मंडळाने आधी जाहीर केलेल्या धोरणाचा. तिसरा मार्ग नवा आहे : ठोस कारण दाखवून संचालक मंडळाने दोन तृतीयांश मतांनी काढणे. माझ्याकडे आलेली नोटीस या तिसऱ्या मार्गाची होती, म्हणून पुढचे विवेचन मुख्यतः त्याविषयी आहे.

हा तिसरा मार्ग संस्थेला आपोआप मिळत नाही. संचालक मंडळाने उपविधींमध्ये, म्हणजे संस्थेच्या अंतर्गत नियमावलीत, तशी दुरुस्ती स्वीकारलेली असली पाहिजे आणि ते धोरण प्रत्येक सभासदाला कळवलेले असले पाहिजे. नोटीस आल्यावर त्या धोरणाची प्रत आपल्याला आधी मिळाली होती का, हे पाहणे हे पहिल्या दिवसाचे काम समजा. शिवाय हा अधिकार एकेका सभासदापुरता, त्या त्या प्रकरणाचा स्वतंत्र विचार करून वापरायचा आहे. सभासदांच्या एखाद्या गटाला एका फटक्यात काढून टाकण्याची मुभा त्यात नाही.

ठोस कारण कशाला म्हणायचे, हेही कायद्यात दिलेले आहे. सभासदत्वाच्या कराराचा गंभीर किंवा वारंवार भंग करणे हे पहिले कारण. संस्थेच्या कामकाजात गंभीर किंवा वारंवार व्यत्यय आणणे हे दुसरे. धोकादायक वर्तन, शिवीगाळ वगैरे यात येते. संस्थेच्या संबंधात केलेली फसवणूक, फसवणुकीचा प्रयत्न किंवा अन्य बेकायदेशीर कृत्य, ज्याबद्दल सभासद न्यायालयात दोषी ठरलेला आहे, हे तिसरे. यांत न बसणारे कारण नोटिशीत असेल तर सुनावणीत तोच आपला मुख्य मुद्दा ठरतो.

याखेरीज सभासदत्व जाण्याची एक मुकी वाट आहे आणि नवी माणसे नकळत तिच्यावर जातात. खात्यातली सगळी रक्कम काढली आणि भागाची किंमतही शिल्लक ठेवली नाही, तर उपविधींत दिलेल्या मुदतीत ती पुन्हा भरावी लागते. न भरल्यास सभासदत्व संपुष्टात येऊ शकते आणि त्यासाठी कोणतेही गैरवर्तन सिद्ध करावे लागत नाही. म्हणून दुसरीकडे खाते हलवले तरी ते ५ डॉलर राहू द्यावेत. नोकरी बदलली किंवा गाव बदलले म्हणून मात्र सभासदत्व जात नाही. प्रमाण उपविधींप्रमाणे एकदा झालेला सभासद स्वतः बाहेर पडेपर्यंत किंवा काढला जाईपर्यंत सभासदच राहतो.

३. सेवा थांबवणे आणि सभासदत्व काढणे यांत गल्लत करू नका

एके दिवशी डेबिट कार्ड चालेनासे होते, मोबाइलवरून चेक भरण्याची सोय बंद झालेली दिसते, आणि माणूस समजतो की आपल्याला काढून टाकले. बहुतेक वेळा तसे झालेले नसते. कर्जाचे हप्ते थकवल्यामुळे संस्थेचे नुकसान झाले असेल किंवा सभासदाने कर्मचाऱ्यांशी गैरवर्तन केले असेल, तर संस्था आपल्या धोरणानुसार त्याच्या काही सेवा बंद करू शकते. परंतु अशा सभासदालाही भागखाते ठेवण्याचा आणि वार्षिक किंवा विशेष सभेला हजर राहून मत देण्याचा हक्क राहतो.

फरक ओळखण्याची सोपी खूण अशी की ठोस कारण दाखवून सभासदत्व काढण्याच्या पत्रात सुनावणीच्या हक्काचा उल्लेख असतोच. तो नसेल तर शाखेला लेखी विचारा : ही केवळ सेवा-मर्यादा आहे की सभासदत्वाविषयीची कारवाई आहे, आणि ती कोणत्या तरतुदीखाली केली आहे? उत्तरही लेखीच मागा. फोनवर मिळालेल्या तोंडी उत्तरावर विसंबून मी दोन आठवडे घालवले होते.

४. इशाऱ्याचे पत्र टाकून देऊ नका

माझ्या प्रकरणाची सुरुवात येथेच झाली. मोबाइलने छायाचित्र काढून एक चेक मी खात्यात भरला होता. तो कागदी चेक टेबलाच्या खणात तसाच राहिला आणि काही आठवड्यांनी, भरायचा राहिला आहे असे समजून, मी तो एटीएममध्ये पुन्हा भरला. एकच चेक दोनदा भरणे हा सभासदत्वाच्या कराराचा भंग आहे. त्यावर आलेले पत्र साध्या पांढऱ्या पाकिटात होते, वर संस्थेचा छापील शिक्का होता, आणि तसल्याच पाकिटांतून कार्डाच्या नि वाहनकर्जाच्या जाहिराती दर महिन्याला येत असल्यामुळे मी ते न उघडता रद्दीत ठेवले. साधारण वर्षभराने दुसऱ्या एका चेकबाबत तीच चूक पुन्हा झाली.

नियम असा आहे की भंग एकेकटा पाहिला तर गंभीर नसेल आणि केवळ ‘वारंवार’ घडल्यामुळे सभासदाला काढायचे असेल, तर संस्थेने त्याला आधी किमान एकदा लेखी इशारा दिलेला असला पाहिजे आणि त्या इशाऱ्यानंतर दोन वर्षांच्या आत तोच प्रकार पुन्हा घडलेला असला पाहिजे. म्हणजे इशाऱ्याचे पत्र ही आपल्या विरुद्धच्या पुराव्याची पहिली पायरी असते आणि आपल्याला मिळालेली खरी सवलतही तीच असते. ते पत्र आल्यावर पुढील गोष्टी त्याच आठवड्यात कराव्यात :

- पत्रातील घटना खरी आहे का ते पासबुकाऐवजी मासिक विवरणपत्रावरून तपासावे.
- चूक झाली असेल तर ती मान्य करून, पुन्हा होऊ नये म्हणून काय केले, हे दोन ओळींत लेखी कळवावे.
- चूक झाली नसेल तर तसे कागदपत्रांसह कळवून पोच घ्यावी.
- पत्राची तारीख लिहून ठेवावी, कारण दोन वर्षांची गणना तेथून सुरू होते.

भंग स्वतःच गंभीर असेल, उदाहरणार्थ शाखेत कोणाला धमकावले असेल, तर अशा इशाऱ्याची गरज नसते. तेथे थेट नोटीस येऊ शकते.

५. नोटीस आली की मिळाल्याची तारीख नोंदवा

सभासदत्व काढण्याच्या प्रस्तावाची नोटीस टपालाने किंवा प्रत्यक्ष हाती येते. आपण कागदविरहित विवरणपत्रे निवडली असतील तर ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही येऊ शकते, तेव्हा ईमेलमधली नको असलेल्या संदेशांची पेटीही पाहत जा. पत्ता बदलला असेल तर तो संस्थेकडे आजच बदलून घ्या. ‘जुन्या पत्त्यावर गेले’ ही तक्रार आपण स्वतः पत्ता कळवला नसेल तर टिकणे कठीण असते.

नोटीस मिळाल्यापासून ६० दिवसांच्या आत सुनावणी मागता येते. मागितली नाही तर ते ६० दिवस संपताच सभासदत्व संपते, त्यासाठी संचालकांना बैठक घेऊन मतदानही करावे लागत नाही. एवढे एक वाक्य ज्याने नीट वाचले त्याने अर्धी लढाई जिंकली असे मी म्हणेन. हे कॅलेंडरचे दिवस आहेत. शनिवार, रविवार आणि सुट्ट्या त्यात धरल्या जातात.

नोटिशीत काय काय असले पाहिजे ते माहीत असेल तर ती नियमाप्रमाणे आहे की नाही हे घरबसल्या तपासता येते. काढण्याचे नेमके कारण, संबंधित घटना आणि त्यांच्या तारखा इतक्या तपशिलाने दिल्या पाहिजेत की सभासदाला आपल्यावरचा आक्षेप समजावा. ‘आपण धोरणाचा भंग केला आहे’ असे मोघम वाक्य पुरत नाही. सुनावणी मागण्याचा हक्क, ती कशी आणि कोणाकडे मागायची, ती कशी चालेल, न मागितल्यास काय होईल, खाती आणि कर्जांवर साधारण काय परिणाम होईल, आणि संस्थेशी बोलून प्रश्न सुटला नाही तर एनसीयूएच्या ग्राहक साहाय्य केंद्राकडे तक्रार करता येते, हे सर्व तीत यावे लागते. यातले जे नसेल त्याच्यापुढे पेन्सिलीने खूण करा आणि पाकीटसुद्धा जपून ठेवा, कारण त्यावरचा टपालाचा शिक्का तारखेचा पुरावा असतो.

या टप्प्यावर एक प्रश्न मनात येतोच : स्वतःहून राजीनामा देऊन बाहेर पडावे का? सभासद कधीही स्वेच्छेने बाहेर पडू शकतो. संस्थेशी पुढे संबंध ठेवायचा नसेल, कर्ज शिल्लक नसेल आणि आक्षेप खरा असेल, तर माझ्या मते हा मार्ग स्वच्छ आहे. परंतु आक्षेप खोटा किंवा गैरसमजातून आलेला असेल तर घाबरून राजीनामा देऊ नये, कारण मग आपली बाजू संस्थेच्या दप्तरात कधीच नोंदली जात नाही. नोटिशीत फसवणुकीचा किंवा फौजदारी गुन्ह्याचा उल्लेख असेल तर सुनावणीत एक शब्दही बोलण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

६. सुनावणी लेखी मागा आणि तयारीनिशी जा

अर्ज छोटा असावा : नाव, सभासद क्रमांक, नोटिशीची तारीख, ती मिळाल्याची तारीख आणि ‘मी सुनावणीची मागणी करत आहे’ हे स्पष्ट वाक्य. बाजू मांडण्याची ही जागा नव्हे. नोटिशीत सांगितलेल्या पद्धतीनेच अर्ज पाठवा आणि त्याबरोबर पोच मिळणारे टपालही करा. मी एकेचाळिसाव्या दिवशी पाठवला आणि पोच येईपर्यंत झोप लागली नाही. पहिल्याच आठवड्यात पाठवला असता तर तयारीला निवांत वेळ मिळाला असता.

सुनावणीसाठी पुढील कागदपत्रे जमवावीत :

- नोटीस आणि तिचे पाकीट, अथवा ईमेलची छापील प्रत
- आधी आलेला लेखी इशारा आणि त्याला दिलेले उत्तर
- सभासदत्वाचा करार आणि सभासद काढण्याविषयीचा उपविधीतला अनुच्छेद
- आक्षेपातील तारखांच्या आगेमागे दोन-दोन महिन्यांची विवरणपत्रे
- संबंधित चेक, पावत्या, संदेश, फोनच्या नोंदी
- नुकसान भरून दिले असल्यास त्याचा पुरावा

संचालक मंडळाला सुनावणीत नोटिशीबाहेरचे नवे कारण काढता येत नाही. या नियमाचा उपयोग असा की आपल्याला जगातल्या सर्व शंकांची उत्तरे तयार करायची नसतात, फक्त नोटिशीतल्या मुद्द्यांची करायची असतात. प्रत्येक मुद्द्याला एक कागद आणि तीन-चार वाक्ये, एवढी तयारी पुरेशी आहे. बोलणे फिस्कटेल अशी भीती असेल तर लेखी निवेदन तयार ठेवा आणि तेच वाचून दाखवा. सुनावणी व्हिडिओवरून होणार असेल तर ते आदल्या दिवशी करून पाहा.

आपल्यासमोर बसलेली माणसे न्यायाधीश नसतात, हे लक्षात ठेवलेले बरे. क्रेडिट युनियनचे संचालक सभासदांमधूनच निवडून आलेले असतात आणि एखादा अपवाद सोडला तर त्यांना या कामाचे वेतन मिळत नाही. दिवसभराची नोकरी उरकून संध्याकाळी ते बैठकीला बसलेले असतात. माझ्या सुनावणीला पडद्यावर नऊ चौकटी दिसत होत्या. मी दोन्ही चेकच्या तारखा सांगितल्या, दोन्ही वेळा रक्कम परत गेल्याची नोंद दाखवली आणि माझा हेतू वाईट नव्हता हे सांगितले. मग एका वयस्कर बाईंनी चष्मा काढून हातात धरला आणि शांतपणे विचारले, “पहिले पत्र मिळाल्यावर तुम्ही आमच्यापैकी कोणाला फोन केला होता का?” पत्र उघडलेच नव्हते हे मी खरे खरे सांगितले. त्यांनी मान हलवली, काहीतरी टिपून घेतले आणि पुढचा प्रश्न विचारला नाही. पैशांच्या नोंदींवर मी तासन्तास खपलो होतो. संस्थेच्या दृष्टीने खरा प्रश्न तो नव्हता. सांगितलेले हा माणूस ऐकतो का, पुढे सुधारेल का, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. म्हणून आपल्या निवेदनात ‘पुन्हा होणार नाही’ या वाक्याच्या जोडीला ते न होण्यासाठी आपण काय केले आहे तेही सांगा. मी आता मोबाइलने भरलेल्या प्रत्येक चेकवर तिथल्या तिथे आडवी रेघ मारून तारीख घालतो. हे सुनावणीच्या आधी सुरू केले असते तर दाखवायला काहीतरी हाती असते.

चार गोष्टी टाळाव्यात. कर्मचाऱ्यांची नावे घेऊन आरोप करू नयेत, ‘सगळेच असे करतात’ असे म्हणू नये, समाजमाध्यमांवर लिहिण्याची धमकी देऊ नये आणि आवाज चढवू नये. व्यत्यय हे स्वतंत्र कारण आहे हे विसरू नका. वंश, धर्म किंवा मूळ देश यांवरून आपल्याला वेगळे वागवले गेले असे खरोखर वाटत असेल तर ते घटना आणि तारखांसह लेखी मांडा आणि एनसीयूएकडेही कळवा.

७. निर्णयाचे पत्र वाचा

सुनावणीनंतर ३० दिवसांच्या आत संचालकांना मतदान करावे लागते. नऊही संचालक हजर असतील तर किमान सहा मते काढण्याच्या बाजूने पडली पाहिजेत. सभासदत्व काढले गेले तर त्याचे लेखी पत्र येते. त्यात कारण, खाते वापरण्याविषयी आणि ठेवींविषयीची माहिती, संस्थेचे आपल्याकडे काही येणे असल्यास त्याचा उल्लेख, आणि पुन्हा सभासद होण्यासाठी अर्ज कसा करायचा हे दिलेले असते. माझ्या बाबतीत निर्णय माझ्या विरुद्ध गेला.

८. खाती बंद होण्याआधी व्यवहार हलवा

प्रत्यक्षात सर्वांत जास्त धावपळ येथे होते, आणि तिची सुरुवात निर्णयानंतर न करता नोटीस आल्या दिवशीच करावी. पहिले काम म्हणजे दुसरीकडे खाते उघडणे. ते उघडून हाती येईपर्यंत जुन्या खात्यातून पूर्ण रक्कम काढू नका.

त्यानंतर पगाराचा भरणा नव्या खात्यावर वळवा. कंपनीच्या वेतन विभागाला हा बदल करायला कधी एक, कधी दोन पगार लागतात. मग मागच्या बारा महिन्यांची विवरणपत्रे समोर घेऊन आपोआप वळते होणारे प्रत्येक देणे शोधून काढा. बारा महिने यासाठी की घराचा किंवा गाडीचा विमा, संस्थेची वर्गणी, संगणकीय सेवा असली देणी वर्षातून एकदाच निघतात आणि तीन महिन्यांच्या विवरणपत्रात दिसत नाहीत. माझा वाहनविम्याचा सहामाही हप्ता असाच सुटला होता आणि रद्द होण्याची सूचना आल्यावर तो फोन करून भरावा लागला. न वटलेले चेक कोणाकडे असतील तर त्यांना कळवून दुसरे द्या. ऑनलाइन प्रवेश बंद होण्याआधी किमान तीन वर्षांची विवरणपत्रे उतरवून ठेवा, कारण पुढे घरभाड्याच्या अर्जाला, करविवरणाला किंवा व्हिसाच्या कामाला ती लागतात आणि नंतर मागून घेणे वेळखाऊ असते.

पैशांचे काय होते, हा सगळ्यांच्या मनातला प्रश्न. सभासदत्व काढले म्हणजे ठेव जप्त होते असे नाही. भागाची आणि ठेवीची रक्कम, संस्थेचे आपल्याकडून जे येणे असेल ते वजा करून, सभासदाला परत केली जाते. मात्र हे ‘वजा करून’ नीट समजून घ्या. क्रेडिट युनियनला सभासदाच्या ठेवींवर कायदेशीर धारणाधिकार असू शकतो, म्हणजे थकलेले कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी ती त्याच्या खात्यातून वळती करून घेऊ शकते. कर्जाच्या करारात हे कलम असते. हप्ते थकलेले असतील तर किती रक्कम वळती होईल ते आधी लेखी विचारून घ्या. मुदतीची शेअर सर्टिफिकेटे, म्हणजे येथल्या मुदत ठेवी, असतील तर ती मुदतीपूर्वी मोडली जातील का आणि व्याज कसे धरले जाईल, हेही त्याच पत्रात विचारा.

कर्ज मात्र संपत नाही. सभासदत्व गेले तरी त्याची जबाबदारी तशीच राहते आणि हप्ते चालू ठेवावेच लागतात. सगळे कर्ज एकदम फेडण्याची मागणी संस्था करू शकते का, हे करारातील अटींवर अवलंबून असते. करारात तसे कलम शोधा. जुन्या खात्यातून हप्ता आपोआप कापला जात असेल तर खाते बंद झाल्यावर तो कापला जाणार नाही आणि थकबाकीची नोंद आपल्या पतअहवालात जाईल. या सापळ्यात पुष्कळजण अडकतात. हप्ता नव्या खात्यातून कसा पाठवायचा ते लेखी ठरवून घ्या.

संयुक्त खाते असेल तर जोडीदाराला ताबडतोब सांगा. संयुक्त खातेदार हा स्वतंत्रपणे सभासद असतोच असे नाही; मुख्य सभासद गेला की ते खातेही बंद होऊ शकते. जोडीदाराचे स्वतःचे सभासदत्व असेल तर ते आपल्यामुळे जात नाही, मात्र तसे आहे याची खात्री करून घ्या.

शिल्लक रकमेचा चेक आला की तो लगेच भरा. पत्ता चुकल्यामुळे तो परत गेला आणि तसाच पडून राहिला, तर ती रक्कम बेवारस मालमत्ता म्हणून राज्याकडे जमा होते. ती तेथून मिळवता येते, पण कागदपत्रांचा फेरा पडतो. खात्यात उणे शिल्लक राहू देऊ नका. अशी खाती बंद झाल्याची नोंद चेक्ससिस्टम्ससारख्या संस्थांकडे जाते, ती पाच वर्षे राहू शकते, आणि नवी बँक खाते उघडताना ती पाहते. आपला अहवाल विनामूल्य मागवता येतो आणि त्यातील चुकीच्या नोंदीवर हरकत घेता येते.

९. पुन्हा सभासद व्हायचे असेल तर

काढलेल्या सभासदाला पुन्हा प्रवेशासाठी अर्ज करता येतो. येथे दोन तृतीयांश मते लागत नाहीत. संचालकांचे किंवा सभेत उपस्थित असलेल्या सभासदांचे साधे बहुमत पुरते. निर्णयानंतर लगेच रागाच्या भरात अर्ज करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. पहिला अर्जच भक्कम असावा आणि त्याला दाखवण्यासारखा काळ मागे असावा. मी पाच महिने थांबलो, नव्या खात्याची विवरणपत्रे जोडली, संस्थेकडचे वाहनकर्ज या काळात एकही हप्ता न चुकवता भरल्याची नोंद जोडली आणि पहिले पत्र न उघडल्याबद्दल एका परिच्छेदात खेद व्यक्त केला. अर्ज मंजूर झाला.

अर्ज करायचा नसला तरी संस्थेकडे आपला चालू पत्ता असू द्या. खात्यावर त्या वर्षी १० डॉलर किंवा त्याहून अधिक लाभांश जमा झाला असेल, तर त्याचा १०९९-आयएनटी हा कराचा फॉर्म पुढच्या जानेवारीत त्या पत्त्यावर येतो, आणि खाते बंद झालेले असले तरी ती रक्कम करविवरणात दाखवावी लागते.